दुसरी दुर्बीण कशाला? जठराचा कॅन्सर आणि ऑपरेशनआधीचं स्टेजिंग

पीएचडी करते म्हटल्यावर बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी बढती थेट डॉक्टरपदी झाली आहे. मी एम.एस्सी. फिजिक्स, संशोधन सीटी स्कॅनच्या प्रतिमांवर. पेशंट तपासायचा मला ना अधिकार, ना अक्कल. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी फाईल घेऊन येतंच.

या वेळी गणपतीत घरी गेले होते तेव्हा शेजारच्या काकू आल्या. हातात स्कॅनच्या फिल्म्सची ती मोठी पिशवी. काकांची उभी हयात तारापूर एमआयडीसीत गेली, आता रिटायर झालेत. भूक मेली, वजन उतरलं, म्हणून तपासण्या केल्या तर जठराचा कॅन्सर निघाला. (काकाकाकूंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या होत्या आणि काकू वैतागल्या होत्या.

"अगं, दुर्बीण तर इकडेच झाली. तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट आला. स्कॅन झाला, त्यात कुठे पसरलेला नाही असं आलं. मग मुंबईला परत स्कॅन केला. आणि आता म्हणतात परत दुर्बीण करायची, ती पण भूल देऊन. हे सगळं कशाला? ऑपरेशन करून टाका ना एकदाचं!"

काकूंचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि माझं अख्खं संशोधन त्या प्रश्नाच्या एका कोपऱ्यात बसतं. म्हणून ही पोस्ट.

आधी भाषेचा घोळ सोडवू. मराठीत आपण दोन वेगळ्या तपासण्यांना एकच शब्द वापरतो. तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात ती एंडोस्कोपी, तीही दुर्बीण. आणि बेंबीजवळ छोटं छिद्र पाडून पोटाच्या पोकळीत बघतात ती लॅपरोस्कोपी, तीही दुर्बीणच. साहजिकच घरच्यांना वाटतं, तीच तपासणी परत सांगतायत. खरं तर पहिली दुर्बीण जठराच्या आत असते आणि दुसरी जठराच्या बाहेर.

पावसाळ्यात घराच्या भिंतीला ओल येते, ते आठवा. आपल्या पालघर जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. खोलीत उभं राहून तुम्हाला रंगावरचा डाग दिसतो. पण ओल नुसती प्लॅस्टरमध्ये आहे की विटेपर्यंत गेली, की भिंत पार करून शेजाऱ्याच्या खोलीत उतरली, हे त्या डागाकडे कितीही बघितलं तरी कळत नाही. एंडोस्कोपी म्हणजे खोलीत उभं राहून डाग बघणं. तुकडा काढून 'हा कॅन्सरच आहे' हे तीच सांगते, आणि त्याला पर्याय नाही. किती खोल आणि किती लांब, हे मात्र दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. त्यालाच स्टेजिंग म्हणतात.

स्टेजिंगची भाषा तीन अक्षरांची आहे: टी, एन, एम. टी म्हणजे भिंतीत किती खोल. अगदी आतल्या अस्तरापुरता असेल तर टी१, स्नायूच्या थरात शिरला की टी२, स्नायू ओलांडून बाहेरच्या पातळ आवरणाखाली पोहोचला की टी३, ते आवरण फोडून बाहेर आला की टी४. एन म्हणजे आजूबाजूच्या लसिका ग्रंथी, ज्यांना आपण सरसकट 'गाठी' म्हणतो. त्यातल्या किती ग्रंथींत कॅन्सर पोहोचला याची मोजणी: एक-दोन असतील तर एन१, तीन ते सहा एन२, सात किंवा जास्त एन३. आणि एम म्हणजे लांब कुठे गेलाय का: यकृत, फुप्फुस, किंवा पोटाच्या पोकळीचं आतलं अस्तर. या अस्तराला पेरिटोनियम म्हणतात. आजच्या गोष्टीतला खलनायक तिथेच लपतो.

ही अक्षरं फाईल सजवायला नसतात. त्यावर रस्ता ठरतो. अगदी वरवरचा, लहान टी१ असेल तर काही वेळा पोट न उघडता तोंडातल्या नळीतूनच तो खरवडून काढता येतो. टी२ किंवा पुढचा असेल, किंवा ग्रंथी धरल्या असतील, पण लांब गेला नसेल, तर बहुतेक ठिकाणी आता आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमोथेरपी. "आधी केमो म्हणाले म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली" असं काकूंना कुणीतरी सांगितलं होतं. ते साफ चूक आहे. जर्मनीत झालेल्या आणि २०१९ साली छापून आलेल्या 'फ्लॉट ४' या चाचणीत ७१६ रुग्ण होते, आणि ते सगळे ऑपरेशन होऊ शकेल असे होते. दोन्ही गटांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो दिली. जुन्या औषधांच्या गटात निम्मे रुग्ण ३५ महिन्यांच्या पुढे जगले, नव्या औषधांच्या गटात ५० महिन्यांच्या पुढे. म्हणजे आधी केमो हा बरं करण्याच्याच वाटेवरचा टप्पा आहे.

आणि एम१ असेल, म्हणजे लांब पसरला असेल, तर? मग जठर काढून सहसा उपयोग होत नाही. "निदान मूळ गाठ तरी काढा" असं प्रत्येक घरात म्हटलं जातं. जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरच्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं ('रेगाटा' चाचणी, २०१६, १७५ रुग्ण). एका गटाचं जठर काढून मग केमो, दुसऱ्या गटाला फक्त केमो. जठर काढलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही. शिवाय एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर माणूस खाण्यापिण्यातून उठतो, अशक्त होतो, आणि ज्या केमोचा उपयोग होणार होता ती नीट सोसत नाही.

तेव्हा पोट उघडायच्या आधी कळलं पाहिजे. उघडल्यावर कळणं म्हणजे फार उशीर.

आता स्कॅनकडे येऊ. पहिला सीटी झालेला असताना मुंबईत परत का केला? काकूंच्या पिशवीतल्या फिल्म्स मी खिडकीशी धरून बघितल्या. रोगाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण चित्राच्या दर्जाबद्दल आहे. काप पाच मिलिमीटर जाडीचे होते आणि जठर जवळजवळ रिकामं. रिकामं जठर म्हणजे घडी घातलेली रेक्झिनची पिशवी. घड्या एकमेकींवर पडल्या की निरोगी भिंतही जाड दिसते आणि आजारी भिंत घड्यांत हरवते. म्हणून जठराच्या स्टेजिंगसाठी स्कॅनच्या आधी पेशंटला भरपूर पाणी पाजतात, किंवा गॅस होणारी पावडर देतात. पिशवी फुगते, भिंत ताणली जाते, थर दिसायला लागतात. शिरेतून आयोडीनचं औषध देऊन ठरलेल्या सेकंदांनी फोटो घेतात, कारण गाठ आणि निरोगी भिंत ते औषध वेगवेगळ्या वेगाने शोषतात. पहिला स्कॅन 'पोटात काय आहे' हे बघायला केलेला होता, दुसरा 'किती खोल, किती लांब' हे बघायला. प्रश्नच वेगळे होते.

इथे एक कामाची गोष्ट. मुंबईला जाताना फिल्म नेताच, पण स्कॅन सेंटरकडून सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ डेटा मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात. मूळ डेटात सगळे काप असतात, ते संगणकावर हवे तसे फिरवून, उजळ-अंधुक करून बघता येतात. स्कॅन नीट पद्धतीने झाला असेल तर कधी कधी परत करावाही लागत नाही. बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉकही सोबत न्या. बोईसरहून दादरपर्यंतची एक फेरी वाचणं म्हणजे आजारी माणसाच्या अंगातलं किती बळ वाचणं, हे त्या लोकलमध्ये उभ्याने आलेल्यांना विचारा.

बरं, काकांचा दुसरा स्कॅन अगदी नीट झाला होता. त्यातही लांब काही दिसलं नाही. तरी दुर्बीण का?

याचं उत्तर मी साबुदाण्यावर शिकले.

पेरिटोनियमवर पसरलेला कॅन्सर सुरुवातीला एक-दोन मिलिमीटरच्या पांढुरक्या दाण्यांसारखा असतो. ओल्या फडक्यावर साबुदाणा सांडावा तसा. हा दाणा पोटातल्या चरबीला चिकटलेला आहे असं धरा. सीटीचं यंत्र प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतं: पाणी म्हणजे शून्य, हवा उणे हजार, चरबी साधारण उणे शंभर, आणि औषध शोषलेली गाठ, समजा, अधिक साठ. साठ आणि उणे शंभर यांत भरपूर फरक आहे, मग दाणा दिसायला हवा ना?

नाही दिसत, कारण काप पाच मिलिमीटर जाड आहे आणि दाणा दोन. त्या ठिकाणी कापाच्या जाडीतले दोन भाग दाणा, तीन भाग चरबी. यंत्र सरासरी काढतं: साठचे चाळीस टक्के म्हणजे २४, उणे शंभरचे साठ टक्के म्हणजे उणे ६०. बेरीज उणे ३६. हा आकडा गाठीचा नाही आणि धड चरबीचाही नाही. चित्रात तो किंचित धुरकट चरबी म्हणून येतो. आणि धुरकट चरबी सूज आली तरी दिसते, जुन्या ऑपरेशननंतरही दिसते.

"मग पातळ काप घ्या की!" घेतात. एक मिलिमीटरचा काप घेतला की काप पूर्ण दाण्याच्या आत बसू शकतो. पण तेवढ्याच किरणांत पाचपट पातळ काप घेतला की प्रत्येक ठिपक्यावर येणारे किरणही पाचपट कमी होतात, आणि चित्रातली खरखर वर्गमुळाच्या हिशेबाने साधारण सव्वादोन पट वाढते. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, तसं चित्र. म्हणजे आधी दाणा सरासरीत विरघळत होता, आता मुंग्यांत लपतो. आणि तो चरबीऐवजी आतड्याच्या भिंतीला चिकटलेला असला तर आणखी पंचाईत, कारण दोघांचे आकडे जवळजवळ सारखेच.

माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे डोळ्यांनी बघायचं म्हणून मी प्लॅस्टिकच्या डब्यात डालडा वितळवून त्यात शिजवलेले साबुदाणे सोडले आणि लॅबच्या यंत्रात डबा सरकवला. पहिला प्रयोग फसला. डालडा ढवळताना इतके हवेचे बुडबुडे शिरले की चित्रात नुसती काळी छिद्रं. गाईडनी डबा उघडून वास घेतला आणि फक्त "उपास आहे का?" एवढंच विचारलं. दुसऱ्या खेपेला न ढवळता थर थर ओतले. डब्यात दाणे कुठे आहेत हे मला माहीत होतं, मीच ठेवले होते. तरी जाड कापांत त्यातले बरेचसे मला सापडले नाहीत. माहीत असूनही! ज्या रेडिऑलॉजिस्टला ते आहेत की नाहीत हेच माहीत नाही, त्याचं काय होत असेल? सध्या माझं काम याच खरखरीवर चाललंय: ती कमी करताना बारीक दाणाही पुसला जाऊ नये, हे कसं साधायचं.

पेट स्कॅन? त्याबद्दलही काकूंनी विचारलं होतं, आणि वर, "त्यात अणूचं औषध देतात ना? ते आपल्या तारापूरहूनच जातं का?" तारापूरला १९६९पासून वीज तयार होते, हे औषध नाही. पेटसाठी लागणारं फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. दर ११० मिनिटांनी या औषधाचा जोर निम्मा होतो. दादरहून बोईसरला लोकलने आणलं तर घरी पोहोचेपर्यंत निम्म्याहून कमी उरेल. एक नातं मात्र खरं आहे: तारापूरचं वीजकेंद्र आणि परळचं टाटा मेमोरियल, दोन्ही केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली येतात. टाटा मेमोरियल १९६२पासून.

पेटमध्ये साखरेसारख्या रेणूला फ्लोरिन जोडून ते टोचतात. जिथे पेशी साखर जास्त खातात तिथे चित्र चमकतं. पण जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, ज्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात. त्या पेशी आतून चिकट द्रवाने फुगलेल्या असतात आणि साखर फारशी उचलत नाहीत. त्या चमकतच नाहीत. आणि नेमका हाच प्रकार पेरिटोनियमवर सांडायला पटाईत. काकांचा तोच होता.

उलटही होतं. जे चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं. आपल्याकडे क्षयरोग आहेच. क्षयाच्या ग्रंथी सीटीवर मोठ्या दिसतात आणि पेटवर झगमगतात. ग्रंथी मोठी म्हणजे आजारी आणि लहान म्हणजे निरोगी, असा सरळ हिशेब नसतो. एंडोस्कोपीच्या टोकाला सोनोग्राफी बसवून आतून बघतात, ती तपासणी भिंतीची खोली सांगायला चांगली आहे. पण २०१५ साली ६६ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा ग्रंथींच्या बाबतीत असं दिसलं, की ज्यांच्या ग्रंथी स्वच्छ होत्या अशा शंभरातल्या तेहतीस जणांना ती 'आजारी' ठरवत होती.

किरणांच्या भीतीबद्दल थोडक्यात, कारण बोईसरमध्ये हा विषय निघतोच. पोटाच्या एका सीटीत साधारण १० मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. जमीन, हवा, आकाश यांतून जगभर माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. म्हणजे चार वर्षांचे एकदम. हौस म्हणून करू नये हे खरं, पण कॅन्सर झालेल्या साठीच्या माणसाचं स्टेजिंग चुकण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता दुसरी दुर्बीण. भूल देऊन पोटात वायू भरतात, कॅमेरा आत घालतात आणि पेरिटोनियम, यकृताचा पृष्ठभाग, चरबीचा पदर, सगळं डोळ्यांनी बघतात. सीटीला फक्त 'किती किरण अडले' एवढंच कळतं. डोळ्याला रंग कळतो, चमक कळते. गुलाबी, तुकतुकीत अस्तरावर पांढरा दाणा लगेच उठून दिसतो. संशय आला तर तिथेच तुकडा घेता येतो. शिवाय पोटात सलाईन सोडून, हलवून, परत ओढून घेतात आणि त्यात सुट्या कॅन्सर पेशी आहेत का ते बघतात. एकही दाणा दिसला नाही आणि धुवणात पेशी सापडल्या, तरी तो एम१ धरला जातो. अर्थात यकृताच्या आत काय आहे ते या कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी सीटीच लागतो.

फरक किती पडतो? नेदरलँड्समधल्या १८ रुग्णालयांनी मिळून केलेला अभ्यास २०२१मध्ये आला. ३९४ रुग्ण, सगळ्यांचा गाठ भिंतीत खोल गेलेला कॅन्सर, पण सीटीनुसार ऑपरेशन करता येईल असा. सगळ्यांचं पेट आणि लॅपरोस्कोपी करायची असं ठरलेलं. पेटने १२ जणांत, म्हणजे ३ टक्क्यांत, लांबचा पसारा दाखवला. लॅपरोस्कोपीने ७३ जणांत, म्हणजे १९ टक्क्यांत, अस्तरावरचा पसारा किंवा काढता न येण्याजोगी गाठ. साधारण पाचातला एक. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या मालिकेत ६५७ रुग्ण होते, तिथे हे प्रमाण ३१ टक्के आलं. सगळ्यांनाच ही दुर्बीण लागते असं नाही. अगदी सुरुवातीच्या टी१ला तिचा उपयोग जवळजवळ शून्य. पण काकांसारख्याला, गाठ खोल आणि पेशी अंगठीच्या खड्यासारख्या, ती टाळणं म्हणजे डोळे मिटून पोट उघडणं.

हे सगळं मी काकूंना अर्ध्या तासात, उकडीचे मोदक खात सांगितलं. त्यांना किती पटलं माहीत नाही. पण दुर्बीण झाली. दिवाळीत परत गेले तेव्हा कळलं, अस्तरावर डाव्या बाजूला चार-पाच दाणे निघाले. तुकडा तपासला, कॅन्सरच. मोठं ऑपरेशन झालं नाही, केमो सुरू झाली.

त्यांचा मुलगा भडकलेला होता. "दोन-दोन स्कॅन केले, दोन्हींत काही नाही म्हणाले. मग रिपोर्ट खोटाच ना?"

मी रिपोर्ट काढायला लावला. इंग्रजीत लिहिलं होतं: 'नो ऑब्व्हियस पेरिटोनियल डिपॉझिट्स'. त्याला म्हटलं, यातला 'ऑब्व्हियस' वाच. अस्तरावर उघड दिसेल असं काही नाही, एवढंच त्या माणसाने लिहिलंय. 'नाही' असं त्याने लिहिलेलंच नाही, आणि प्रामाणिक असेल तर तो लिहूही शकत नाही. घरापर्यंत येताना तो एक शब्द गळतो. कधी सांगणारा घाईत गाळतो, कधी ऐकणाऱ्याला तो ऐकायचाच नसतो. मुलगा बराच वेळ तो कागद धरून बसला. मग म्हणाला, "ताई, हे आम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला किती मिनिटं येतात हे मी बघितलंय.

काकांच्या केमोच्या काही फेऱ्या झाल्यात. भूक थोडी परतलीय, संध्याकाळी खाली बाकावर येऊन बसतात. पुढच्या महिन्यात परत सीटी आहे, आणि औषधाला प्रतिसाद चांगला दिसला तर डॉक्टर कदाचित आणखी एकदा दुर्बिणीने बघतील. परवा काकूंचा फोन आला होता. या वेळी त्यांनी 'कशाला' विचारलं नाही. सीडी मागून ठेवलीय म्हणाल्या, आणि उपाशीपोटी जायचं की चहा चालेल, एवढंच विचारलं.